ऑपरेशनआधीचा सल्ला : फोनवर की समोरासमोर?



मुले झाली, आता पाळणा थांबवावा असे दोघांनी ठरवले. पण दवाखाना लांब, शेतीची कामे पडलेली. मग सल्ला कुठे घ्यावा?

पहिली माहिती घरबसल्या घ्या. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत मोबाईलवर डॉक्टर भेटतात, पैसे पडत नाहीत. दोघांनी जवळ बसून ऐका. स्त्री नसबंदी कायमची असते. त्यानंतरही पाळी येते. पुरुष नसबंदी त्याहून सोपी आहे, हेही विचारात घ्या.

पण फोनवरून तपासणी होत नाही. रक्त, लघवी, रक्तदाब आणि आतली तपासणी दवाखान्यातच होते. शिवाय घरात चार माणसे ऐकत असली की बाई मनातले बोलत नाही. म्हणून दवाखान्यात नर्सबाईंशी एकटीने बोला. जुने आजार, चालू गोळ्या, चुकलेली पाळी, काही लपवू नका.

संमतीपत्र वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा. ऑपरेशन बाईचे, तर संमतीही तिचीच. नवऱ्याची सही लागत नाही. ऐनवेळी मन बदलले तरी नाही म्हणता येते.

लक्षात ठेवा : फोन माहितीसाठी, भेट खात्रीसाठी!