गॅरेजचा धंदा : इंजिनचा फॉल्ट कोड कसा वाचावा?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कारागीर आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात आवाज ऐकून दोष पकडणारे उस्ताद होते. आता इंजिनचा कारभार कॉम्प्युटर पाहतो. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना एकाच पद्धतीची दोष-तपासणी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६चे नियम आले. त्यानंतरच्या मोटारींत अशी यंत्रणा असतेच. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड दिसतो. मात्र कोड पाहून लगेच पार्ट बदलण्याची घाई केली, तर गिऱ्हाइकाचे पैसे आणि गॅरेजचे नाव दोन्ही जातात.

कोडची रचना : 'पी' हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सचे. त्यापुढे शून्य असल्यास तो सर्व कंपन्यांचा सामाईक कोड, एक असल्यास बहुधा कंपनीचा स्वतःचा. पुढचा आकडा विभाग सांगतो : १ व २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे स्पार्क व मिसफायर, ४ म्हणजे धूर नियंत्रण. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

उदाहरण पी-०१७१ चे घेऊ. अर्थ असा की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून बरेच मिस्त्री सेन्सरच बदलतात आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागतो. सेन्सरने फक्त निरोप आणलेला असतो. तेव्हा क्रम असा ठेवावा :

१) कोड पुसण्याआधी तो लिहून घ्या. दोष नोंदला तेव्हा इंजिन गार होते की गरम, फेरे किती होते, हेही स्कॅनर दाखवतो. पुसल्यावर ही नोंद जाते.

२) स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' पाहा. साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर असल्यास ठीक. आयडलवर वीसच्या पुढे आणि २५०० फेऱ्यांवर जवळजवळ ठीक होत असेल, तर बाहेरची हवा शिरते आहे. रबरी नळ्या व मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासा.

३) फेरे व लोड वाढताना ट्रिमही वाढत असेल, तर गेज लावून पेट्रोलचा दाब मोजा. फिल्टर चोंदलेला किंवा पंप कमजोर असू शकतो. दाब बरोबर निघाला, तर हवा मोजणारा सेन्सर मळला आहे का ते पाहा.

पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिलीची कॉइल दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. कोड पी-०३०२ झाला तर कॉइल खराब. तो जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन पाहा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील महाग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते.

जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. कोड पुसून दिवा विझवता येतो, दोष मिटत नाही. कोड नुकताच पुसला असल्यास इंजिनच्या स्व-चाचण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनर दाखवतो. घेणाऱ्याने ते जरूर पाहावे. विकणाऱ्याने तर मालातील ऐब आधी सांगावा. इस्लाममध्ये व्यापाराचा दंडकच तो आहे.

अडचण अशी की, तपासणीचे पैसे मागायला आपले कारागीर संकोचतात आणि कमाई पार्टवर काढतात. मग नको तो पार्ट बदलण्याचा मोह होतो. त्यापेक्षा तपासणीची मजुरी आधीच ठरवून सांगा, आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्या. गाडी ही त्याची अमानत आहे. अशा गॅरेजमध्ये गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि कमाईत बरकत राहते.