ताटातले सत्त्व अंगी लागावे म्हणून



पाच हजारांना भोजन दिल्याची घटना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मात्र दोन बारीक गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या, म्हणजे गोरगरिबांच्या धान्याच्या होत्या. आणि सर्वांची पोटे भरल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. साधे अन्न आणि त्यातले काहीही वाया न घालवणे, हे दोन धागे धरून आज आपण आपल्या स्वयंपाकघराकडे पाहू या.

प्रश्न कोणता?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ६८.९ टक्के निघाले. म्हणजे रविवारी मिस्साला आपल्या शेजारी बसणाऱ्या दोन भगिनींपैकी एकीला हा त्रास असू शकतो. जिना चढताना दम लागतो, डोके दुखते, कशात मन लागत नाही, आणि आपण म्हणतो, "कामाचा शीण आहे."

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पोटातील जंत, पाळीतील जादा रक्तस्राव, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पण मोठे कारण म्हणजे लोहाची कमतरता. हा केवळ गरिबाघरचा आजार नाही. पोट भरते, पण अन्नातले लोह अंगी लागत नाही, असे सुखवस्तू घरांतही घडते.

अंगी का लागत नाही?

मासे व मांस यांतील लोह शरीर सहज घेते. धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतील लोह मात्र थोडेच शोषले जाते. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. चहा-कॉफीतील टॅनिनही तेच करते. उलट क जीवनसत्त्व लोहाला मोकळे करते. एवढे समजले की महागड्या डब्यातील पावडरीपेक्षा आपल्या घरातल्या चार सवयी अधिक उपयोगी पडतात.

१. *लिंबू शेवटी पिळावे.* वरण, उसळ किंवा पालेभाजी ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळावे. उकळताना घातले तर त्यातील क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. आवळा आणि पेरू यांत तर हे जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असते. जेवणानंतर पेरूची एक फोड खाणे ही चैन नव्हे.

२. *चहा जेवणापासून दूर ठेवावा.* हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांत जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. सकाळी चहा-चपातीवरच भागवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

३. *कडधान्ये भिजवावी, मोड आणावे.* मूग, मटकी, चवळी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व तयार होते. इडली, आंबोळी, आंबील यांचे पीठ आंबवण्यामागेही हाच लाभ आहे.

४. *लोखंडी तवा-कढई वापरावी.* कोकम, टोमॅटो यांसारखे आंबट घातलेला पदार्थ लोखंडी कढईत शिजवला की थोडे लोह त्यात उतरते. मात्र शिजलेली भाजी त्याच भांड्यात ठेवू नये, ती काळी पडते.

भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नयेत. भात वेळून केला तर पेज ओतून न देता प्यावी; ब जीवनसत्त्वांचा काही भाग तिच्यातच उतरलेला असतो.

आपल्या गोरगरिबांचे धान्य

जवाच्या भाकरीसारखीच आपल्याकडे नाचणी आहे. कोकणात, पालघर-नाशिकच्या डोंगराळ भागांत ती पिढ्यान्पिढ्या पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा नाचणी शहरातील दुकानांत सुबक पाकिटांत दिसू लागली. पूर्वी "काळी भाकरी" म्हणून तिची लाज वाटत असे. आता तिची किंमत आपल्याला बाहेरच्यांनी सांगायची वेळ आली आहे!

बाळासाठी नाचणीला मोड आणून, सावलीत सुकवून, मंद भाजून दळावी. पीठ गाळून चोथा टाकला तर बरेच सत्त्वही टाकले जाते.

परसातील शेवगाही असाच आहे. शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला झाडावरच राहतो. त्या पाल्यात कॅल्शियम व अ जीवनसत्त्वाचा साठा आहे. चण्याची डाळ घालून, लसणीच्या फोडणीत परतलेली ही भाजी चवीलाही उत्तम लागते. फोडणीचे तेल हवेच. तेलाशिवाय अ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. मुळ्याचा पाला टाकू नये. काट्यासकट खाता येणारी मांदेली आणि सुकट यांतूनही कॅल्शियम मिळते. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र खारवलेली मासळी बेताने खावी.

शेवटच्या पंगतीला कोण?

एवढे सर्व केले, तरी एक गोष्ट उरते. बहुतेक घरांत जी स्वयंपाक करते ती सर्वांत शेवटी जेवते. मासळीचा तुकडा मुलांना, उसळ वडीलधाऱ्यांना, आणि तिच्या वाट्याला उरलेला भात व रस्सा. आपण याला त्याग म्हणून गौरवतो. पण ५४ टक्क्यांचा आकडा ज्या घरांतून आला, त्यांत आपलीही घरे आहेत. प्रभूने सर्वांना बसवून वाढले आणि सर्व तृप्त झाले. आईला उभे ठेवून झालेल्या जेवणाला तृप्तीचे जेवण म्हणता येईल का?

एक सूचना महत्त्वाची. आहाराने मोठी मदत होते, पण प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करता येते. लोहाची गोळी दिल्यास ती चहाबरोबर घेऊ नये.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात सकस असूनही टाकून दिले जाते असे काय आहे?

२. या आठवड्यात कोणत्या दिवशी सर्वांनी, आईसह, एकत्र बसून जेवायचे?

३. आपल्या घरातील स्त्रियांचे हिमोग्लोबिन शेवटचे केव्हा तपासले होते?