जलवाहिनीवरील झडपा : हाताळणी, जोडणी आणि सुरक्षितता

सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी नहर बांधली, ती उताराच्या बळावर. डोंगराच्या कुशीतील पाणी बांधीव मार्गाने शहरात येई आणि वाटेवरील उंच स्तंभांतून कोंडलेली हवा बाहेर पडून पाण्याचा दाब हलका होई. आजच्या पाणीपुरवठ्याची स्थिती याच्या उलट आहे. पैठणच्या नाथसागराची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर असून शहर त्याहून सुमारे १०० मीटर उंचावर वसलेले आहे. त्यामुळे पाणी पंपांनी चढवावे लागते. पूर्वीच्या ७०० व १,४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्यांनंतर २,५०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. अशा वाहिन्यांतील दाब आवरण्याचे काम ज्या झडपा करतात, त्यांच्याकडे मात्र त्या बिघडल्याशिवाय सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

दाबाचा हिशेब

पाण्याच्या १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. या दाबाने १,४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत १० किलोचा भार धरला, तर बंद झडपेवर दीडशे टनांहून अधिक रेटा येतो. गावच्या योजनेतील १५० मिलिमीटर व्यासाच्या नळात दाब ६ किलो असला, तरी रेटा एक टनापेक्षा जास्तच भरतो. म्हणून झडप केवळ नट-बोल्टांच्या भरवशावर ठेवू नये. तिचे वजन पेलणारा पाया आणि रेटा जमिनीत उतरविणारा काँक्रीटचा आधार, हे दोन्ही आवश्यक आहेत.

झडपांचे प्रकार

पाणी पूर्ण सोडणे वा पूर्ण बंद करणे, हे स्लुइस व्हॉल्व्हचे काम होय. तो अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी केल्यास त्याची पाती थरथरून झिजते. मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांवर फिरत्या तबकडीचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवितात. पंप थांबल्यावर पाणी मागे येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. वाहिनीच्या उंचवट्यावर हवा काढणारा व घेणारा एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ धुऊन काढणारा स्कॉवर व्हॉल्व्ह बसवितात.

उतरविणे व जोडणे

झडप ट्रकमधून ढकलून उतरवू नये. दोर किंवा पट्टा तिच्या मुख्य भागाला बांधावा. हातचाक अथवा स्पिंडलला धरून उचलल्यास स्पिंडल वाकतो आणि झडप बसविण्यापूर्वीच निकामी होते. तोंडावरील झाकणे जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नयेत व रबरी भाग असलेल्या झडपा उन्हात ठेवू नयेत. माल स्वीकारताना झडपेवर कोरलेला दाबवर्ग पाहावा. स्लुइस व्हॉल्व्हसाठी भारतीय मानक १४८४६ लागू आहे.

जोडणीपूर्वी नळातील माती, खडे व वेल्डिंगचे तुकडे धुऊन काढावेत. एक खडाही पातीखाली अडकला तर झडप पूर्ण बसत नाही. दोन्ही फ्लँज समांतर व एका रेषेत असावेत. अंतर राहिल्यास ते बोल्ट आवळून ओढून घेऊ नये, कारण तो ताण झडपेच्या अंगावर येऊन ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. बटरफ्लाय व्हॉल्व्हची तबकडी संपूर्ण फिरते व नळाला घासत नाही, याची खात्री अखेरच्या आवळणीपूर्वी करावी.

सावकाश बंद करणे

चालत्या पाण्याला अचानक अडविले तर नळात जलाघात होतो. पोलादी वाहिनीत दर सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी थांबविल्यास मूळ दाबात सुमारे १० किलोची भर पडते. हा धक्का सेकंदाला सुमारे १,००० मीटर वेगाने नळातून धावतो. १० किलोमीटर लांबीच्या वाहिनीत तो टोकापर्यंत जाऊन परतण्यास सुमारे २० सेकंद लागतात. त्याआधी झडप बंद झाली तर ती एकदम बंद केल्यासारखीच होय. शिवाय स्लुइस व्हॉल्व्हमध्ये प्रवाह प्रामुख्याने शेवटच्या काही फेऱ्यांत अडतो. म्हणून अखेरच्या फेऱ्या सर्वांत सावकाश द्याव्यात. प्रत्येक झडपेच्या एकूण फेऱ्यांची नोंदही ठेवावी.

चेंबरमधील धोका

झडपेचे चेंबर ही बंदिस्त जागा आहे. तेथे प्राणवायू कमी असू शकतो. क्लोरिन असल्यास तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. झाकण उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्यावी, मापकाने तपासणी करावी आणि प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असल्यास कोणासही उतरू देऊ नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर व बाहेर एक सावध साथीदार असावा. आतील माणूस कोसळल्यास मागोमाग उडी घेणाराही बळी पडतो, म्हणून त्याला दोराने वर ओढावे. दुरुस्तीपूर्वी पंपाचा वीजपुरवठा तोडावा, वाहिनीतील दाब व पाणी काढावे, हातचाकाला साखळी-कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याजवळच ठेवावी.

गावांची जबाबदारी

टंचाईच्या दिवसांत एअर व्हॉल्व्हभोवती हंडे-घागरींची गर्दी होते व कधी पाण्यासाठी तो फोडलाही जातो. वाहिनीतील दाब उतरला की हाच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत ओढतो. चेंबरमध्ये घाण पाणी साचलेले असेल तर तेही आत जाते आणि पुढील वस्तीच्या नळातून बाहेर पडते. केवळ पहारा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. वाहिनीलगतच्या वस्तीला हक्काचा नळ मिळणे, चेंबर कोरडे व झाकलेले राहणे, या गोष्टी एकत्रच व्हाव्या लागतात.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे अनेक ग्रामपंचायतींकडे नळयोजना आल्या. अशा प्रत्येक ग्रामपंचायतीने झडपांचा नकाशा कार्यालयात लावावा, ठरावीक काळाने प्रत्येक झडप फिरवून पाहावी आणि तिची किल्ली प्रशिक्षित माणसाकडेच सोपवावी. शिक्षकांना हाच नकाशा वर्गात दाबाचे गणित शिकविण्यास वापरता येईल. आपल्या गावच्या झडपेवर किती टनांचा रेटा येतो, हे ज्या मुलांनी स्वतः काढून पाहिले, ती मोठेपणी तिच्यावर दगड घालण्यास सहसा धजावणार नाहीत.