मशिदीच्या आवारातील गाळा आणि करमाफी

‘मशीद अल्लाहचे घर, तिच्या गाळ्यावर कर कसला?’ असे आपल्या बाजारात नेहमी ऐकू येते. उलट काही शिकलेली मंडळी म्हणतात, देवळे, मशिदी, चर्च सर्वांचीच करमाफी काढून टाका. दोन्हीकडचे लोक कायदा न पाहताच बोलतात. म्हणून व्यापारी बंधूंनो, आज हा हिशेब नीट मांडू.

प्रथम प्राप्तिकर. १९६१ च्या कायद्याने सार्वजनिक धार्मिक संस्थेच्या उत्पन्नाला सूट दिली, पण अटी घालून. संस्थेची प्राप्तिकर खात्याकडे नोंदणी हवी आणि वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम संस्थेच्याच कामी खर्च व्हावी. मुतवल्लीने किंवा त्याच्या नातलगांनी त्यातून फायदा घेतला तर सूट धोक्यात येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, ८५ टक्क्यांची अट तीच आहे. देऊळ, देरासर, गुरुद्वारा, सर्वांना नियम एकच. मुसलमानांना वेगळे काही मिळते हा गैरसमज आहे.

आपल्याला तर हे नवीन वाटू नये. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली तेव्हा ती विकू नये, कोणाला बक्षीस देऊ नये, वारशात वाटू नये, उत्पन्न गरिबांवर व इतर नेक कामांवर खर्चावे, असेच ठरले होते. व्यवस्थापकाने रीतीप्रमाणे खावे, साठवू नये, हेही त्यातच होते.

आता जीएसटी. येथे आपले बांधव हमखास चुकतात. धार्मिक स्थळाच्या आवारातील दुकानाचे भाडे महिना १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर त्यावर जीएसटी नाही. हॉल किंवा मोकळ्या जागेला दिवसाला १०,००० आणि खोलीला दिवसाला १,००० रुपये ही मर्यादा आहे. तितके किंवा जास्त भाडे झाले की सूट संपली. मशिदीच्या मालकीचे पण आवाराबाहेर, दूर बाजारात असलेले दुकान या सवलतीत बसत नाही.

मुख्य अट अशी की मालक संस्था प्राप्तिकर खात्याकडे धार्मिक किंवा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असावी. पुष्कळ मुतवल्ली म्हणतात, ‘आमची आमदनी ती किती! कर लागतच नाही, मग नोंदणी कशाला?’ साहेब, नोंदणी तुमच्यासाठी नसेल, तुमच्या भाडेकरूसाठी आहे. वक्फ बोर्डाची नोंदणी वेगळी, ती येथे चालत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशनमधील व्यापारी यातून वगळले आहेत. म्हणजे ८,००० रुपये भाड्यावर दरमहा १,४४० रुपये, तेही रोख. पुढे जमा मिळते हे खरे, पण कापडाच्या धंद्यात रोख अडकली की काय होते ते मी सांगायला नको. संस्थेची नोंदणी असती तर आवारातील त्याच गाळ्यावर हा कर लागला नसता.

महानगरपालिकेचा प्रकार निराळा. मुंबईत १८८८ च्या कायद्याने केवळ इबादतीसाठी वापरलेल्या इमारतीला सर्वसाधारण कर माफ आहे. पाण्याचे पैसे द्यावेच लागतात.

माझे मत विचाराल तर नमाजाच्या जागेवर, यतीमखान्यावर कर नसावा. तेथे नफा नाही, मग सरकार कशातला वाटा मागणार? परंतु मोठ्या भाड्याच्या दुकानाला इतरांसारखाच कर असावा. शेजारच्या खासगी इमारतीत आपलाच एखादा भाऊ पूर्ण कर भरून बसलेला असतो, त्याच्यावर अन्याय का? १०,००० ची मर्यादा मात्र मोठ्या शहरांत आता तोकडी पडते, ती वाढवावी अशी मागणी व्यापारी संघटनांनी करायला हरकत नाही.

आणि एक कडू गोष्ट. मशिदीचा गाळा जुन्या दोनशे रुपये भाड्याने धरून ठेवायचा, दुसऱ्याला आठ हजाराने द्यायचा, आणि वर करमाफीवर भाषण करायचे, असे लोक आपल्यात आहेत. मशिदीचे नुकसान कराने जितके होते त्यापेक्षा अशा पोटभाड्याने अधिक होते.

जे गाळेधारक आहेत त्यांनी या महिन्यात मुतवल्लीकडून प्राप्तिकर नोंदणीची प्रत मागून घ्यावी आणि तिची मुदत पाहावी; ही नोंदणी कायमची नसते. भाड्याची पावती संस्थेच्या नावाची हवी, मुतवल्लीच्या नावाची नको. प्रत मिळाली नाही तर आपल्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय पुढचे विवरणपत्र भरू नये.