जपून ठेविलेलें वाचन

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका दिवंगत गुरुजींची कन्या आम्हांस भेटावयास आली. गुरुजींना जाऊन वर्ष पुरें होत आलें होतें. त्यांच्या स्मरणार्थ घरीं आप्तमंडळी जमणार होती, आणि गुरुजींनीं आपल्या गांवच्या विहिरींविषयीं लिहिलेला लेख त्या वेळीं वाचून दाखवावा, अशी तिची इच्छा होती. तो लेख एका लहानशा साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर बारा वर्षांपूर्वीं आला होता. "तो आमच्यापाशीं जपून ठेविलेला आहे," असें आम्हीं मोठ्या विश्वासानें सांगितलें व मोबाईलमधील खूण शोधून तिजवर बोट ठेविलें. पान उघडलें नाहीं. साप्ताहिक मागेंच बंद पडलें होतें व त्याबरोबर त्याचें संकेतस्थळहि नाहींसें झालें होतें. "असूं द्या, सर," एवढेंच बोलून ती उठली. तिनें रागें भरलें असतें तर जी लाज वाटली नसती, ती त्या शब्दांनीं आम्हांस वाटली.

त्या दिवशीं जो धडा मिळाला, तोच आज विद्यार्थी व त्यांचे पालक यांजपुढें ठेवावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आपण 'लेख जपून ठेविला' असें म्हणतों, तेव्हां बहुधा आपण लेख ठेवीतच नाहीं. लेखाचा पत्ता ठेवितों. मित्राचा पत्ता वहींत लिहिला म्हणून मित्र आपल्या घरीं राहावयास आला, असें होत नाहीं. त्यानें घर बदललें कीं पत्ता निरुपयोगी होतो. इंटरनेटवरील दुव्याची गोष्ट अशीच आहे. संकेतस्थळाच्या नांवाचें शुल्क ठराविक मुदतीनें भरावें लागतें. तें न भरल्यास नांव जातें. संकेतस्थळाची नवी मांडणी करितांना जुने पत्ते बदलले जातात. कधीं मालक बदलतो, कधीं पत्रच बंद पडतें. अशा वेळीं पुष्कळदां '४०४' हा आंकडा दिसतो. घर सांपडलें, परंतु विचारलेली वस्तु तेथें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

हें क्वचित् घडतें, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०१३ सालीं इंटरनेटवर असलेल्या दर शंभर पानांपैकीं ३८ पानें दहा वर्षांनंतर उघडत नव्हतीं.

कोणी म्हणेल, 'मग लेख सांभाळून ठेवणाऱ्या सेवा आहेत, त्यांजकडे द्यावे.' त्यांचाहि अनुभव पाहावा. 'रीड इट लेटर' या नांवानें २००७ सालीं एक सेवा सुरू झाली; २०१२ सालीं तिला 'पॉकेट' हें नांव मिळालें व २०१७ सालीं ती मॉझिला या संस्थेकडे आली. आवडलेला लेख एका खुणेसरशी तेथें ठेवावा व सवडीनें वाचावा, अशी सोय असल्यामुळें जगभर तिचा उपयोग होत असे. ही सेवा ८ जुलै २०२५ रोजीं बंद झाली. पुढें कांहीं महिने वाचकांस आपली यादी उतरवून घेण्याची मुभा होती; परंतु त्या यादींत लेखांची शीर्षकें व पत्ते होते, लेख नव्हते! त्यापूर्वीं २०२४ च्या नोव्हेंबरांत 'ऑम्निव्होर' नांवाची अशीच सेवा अवघ्या कांहीं आठवड्यांच्या सूचनेनें बंद झाली होती. यांत कोणाची लबाडी होती, असें नव्हे. दुकान चालेनासें झालें कीं दुकानदार तें बंद करितो. परंतु आपली ठेव दुसऱ्याच्या दुकानांत आहे, याचें भान आपणांस असावयास हवें.

या बाबतींत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचें मोठें साह्य होतें. ब्रूस्टर काल यांनीं १९९६ सालीं ती अमेरिकेंत स्थापिली. ही संस्था संकेतस्थळांच्या जुन्या पानांच्या प्रती करून ठेविते, व २००१ पासून त्या सर्वांस पाहतां येतात. आपणांस हवें तें पान तेथें नोंदवितांहि येतें. तथापि तीहि सर्वसमर्थ नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत तिजवर हल्ला होऊन ती कांहीं दिवस बंद होती. गुरुजींच्या लेखाचा आम्हीं तेथेंहि शोध केला. साप्ताहिकाचें मुखपृष्ठ मिळालें. लेख मिळाला नाहीं.

आपल्या पूर्वजांना हें मर्म ठाऊक होतें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. पुढें शके १५०६ मध्यें एकनाथांनीं निरनिराळ्या पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली. मधल्या सुमारें तीनशें वर्षांत कित्येक अज्ञात हातांनीं नकला केल्या होत्या, म्हणूनच एकनाथांस ताडून पाहावयास पोथ्या मिळाल्या. अनेक ठिकाणीं अनेक प्रती असणें, हेंच ग्रंथाचें खरें संरक्षण होय.

तर मग आपण काय करावें?

पहिली गोष्ट, पत्ता न ठेवितां लेख ठेवावा. जो लेख पुन्हां वाचावासा वाटेल, तो त्याच दिवशीं पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या फाईलींत उतरवून घ्यावा.

दुसरी, फाईलीस नीट नांव द्यावें. लेखक, शीर्षक, कोठें आला व केव्हां आला, हीं चार अंगें नसतील, तर दहा वर्षांनीं तो लेख अनाथ बालकासारखा दिसेल.

तिसरी, तीन प्रती ठेवाव्या: एक संगणकांत किंवा मोबाईलांत, एक पेनड्राइव्हसारख्या निराळ्या साधनावर, आणि एक घराबाहेर, भावंडाकडे किंवा मेघसाठ्यांत. एकाच घरांतील तिन्ही प्रती एकाच पुरांत जाऊं शकतात. पेनड्राइव्हहि अमर नसतो. म्हणून वर्षांतून एकदां, मे महिन्याच्या सुट्टींत, सर्व प्रती उघडून पाहाव्या व नादुरुस्त झालेली बदलावी.

चौथी गोष्ट निवडीची. शेंकडों लेख सांठवून एकहि न वाचणें म्हणजे संग्रह नव्हे, अडगळ होय. ठेविलेल्या प्रत्येक लेखासाठीं एका वहींत, तो कां ठेविला, याची एक ओळ लिहावी. ती लिहितां येत नसेल, तर तो लेख खुशाल सोडून द्यावा.

पांचवी, आपल्या वाचनासाठीं प्रत ठेवणें निराळें आणि दुसऱ्याचा लेख आपल्या नांवानें खपविणें किंवा अनुज्ञेवांचून वांटणें निराळें. लेखकाचें नांव कधींहि गाळूं नये.

पालकांस एक विनंति आहे. घरांतील वडील मंडळींनीं कोठें कांहीं लिहिलें असेल, तर त्याची प्रत आजच मुलांकडून उतरवून घ्यावी. हें काम मागाहून होत नसतें.

आतां त्या लेखाचें पुढें काय झालें, तें सांगतों. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी ही हकीकत ऐकून एक जुनी वही घेऊन आला. शुद्धलेखनाच्या अभ्यासासाठीं त्यानें गुरुजींचा तो लेख आठवीच्या वर्गांत असतांना उतरून काढिला होता. शेवटचे दोन परिच्छेद नव्हते. वहीचीं पानें तेथें संपलीं होतीं. स्मरणाच्या दिवशीं गुरुजींच्या कन्येनें त्या वहींतून लेख वाचला, आणि जेथें पानें संपलीं तेथें ती थांबली. गुरुजींचे ते अखेरचे शब्द आतां कोणासहि ठाऊक नाहींत.

आमच्या मोबाईलांत त्या वेळीं सहाशेंहून अधिक खुणा होत्या. त्या मुलापाशीं एक वही होती. विद्यार्थिमित्रहो, दोहोंपैकीं संग्रह कोणास म्हणावें, हें आम्हीं निराळें सांगावयास नकोच.