सुटला, म्हणजे निर्दोष का?

प्रश्न : 'सबळ पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता' असं वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पुरावा मिळाला नाही, एवढ्यावर माणूस निर्दोष कसा ठरतो? आणि निर्दोष, निरपराध, निष्पाप, निरागस हे सगळं एकच, की यांत काही फरक आहे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शंका रास्त आहे. फौजदारी खटल्यात आपण स्वच्छ आहोत हे आरोपीने सिद्ध करायचं नसतं. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि तीसुद्धा वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतकी पक्की. ती पार पडली नाही तर न्यायाधीशांपुढे सोडून देण्याची एकच वाट राहते. 'याने हे केलं नाही' असं न्यायालय क्वचितच म्हणतं. 'केल्याचं शाबीत झालं नाही' एवढ्यावरच बहुतेक निकालपत्रं थांबतात. पण कायद्याच्या नजरेत हा माणूस खटल्याआधीही निर्दोषच होता आणि निकालानंतरही तसाच राहिला. मधल्या काळात तो फक्त आरोपी होता. म्हणून 'निर्दोष मुक्तता' हा शब्दप्रयोग चुकीचा नाही. मात्र तो चारित्र्याचा दाखला समजू नये. आरोपपत्र वाचूनच खटला चालवण्याजोगं काही नाही असं दिसलं, तर आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडतात. त्याला आरोपमुक्त म्हणतात. बातमीत मात्र दोघेही नुसते 'सुटले' असतात.

मग 'सन्मानाने निर्दोष' हे काय प्रकरण आहे? पुढाऱ्यांच्या स्वागतफलकांवर हे शब्द फार दिसतात. तमिळनाडूतल्या एका बडतर्फ पोलिसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्टच सांगितलं, की अशी सन्मानपूर्वक मुक्तता फौजदारी प्रक्रिया संहितेत किंवा दंडसंहितेत कुठेही नाही. हे शब्द न्यायालयांच्या निकालांतूनच रुळले. त्या पोलिसावरचा खटला साक्षीदार फिरल्यामुळे पडला होता. तो सुटला, पण नोकरी गेली ती गेलीच. खात्याच्या चौकशीत पुराव्याची पट्टी वेगळी असते.

स्कॉटलंडमध्ये दोषी आणि निर्दोष यांच्या जोडीला 'शाबीत झालं नाही' असा तिसरा निकाल अनेक शतकं होता. ऐकायला सोयीचा वाटतो. पण सुटलेल्या माणसाच्या कपाळी संशयाचा डाग राही आणि फिर्यादीच्या पदरातही काही पडत नसे. शेवटी २०२५ साली तिथल्या संसदेने तो रद्द करणारा कायदा मंजूर केला. माझ्या मते बरंच झालं.

'निर्दोष' या शब्दाची सगळी ओढाताण एकाच खटल्यात पाहायची असेल तर नानावटी खटला पाहावा. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत आपल्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले. पिस्तूल कुणाच्या हातात होतं, हा वादच नव्हता. वाद होता तो ठरवून मारलं की झटापटीत गोळी सुटली, याचा. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे नानावटी दोषी ठरले, जन्मठेप झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. माफीने शिक्षा टळली, पण उच्च न्यायालयाने ठरवलेला दोष त्याने खोटा पडला नाही. बाहेर रस्त्यावर त्यांच्या बाजूने गर्दी होती. तिला नानावटी 'निरपराध' वाटत होते म्हणावं, तर गोळ्या झाडल्याचं तिलाही ठाऊक होतंच. 'त्याच्या जागी दुसरा असता तर काय केलं असतं' एवढाच त्या गर्दीचा युक्तिवाद होता.

आता शब्दांकडे. निरपराध म्हणजे ज्याने ते कृत्य केलेलंच नाही तो. संस्कृतात 'अपराध्' म्हणजे नेम चुकणंसुद्धा; अमरकोशात बाण लक्ष्याला न लागलेल्या धनुर्धराला याच धातूवरून नाव आहे. म्हणून निरपराध शब्दाला नेहमी एखादी घटना लागते. निर्दोषचं तसं नाही. हिरा निर्दोष असतो, उच्चार निर्दोष असतात, गणितही असतं. खोट नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं, आणि कोर्टात तो चपखल बसतो तोही याचमुळे.

निरागसची गंमत वेगळीच. संस्कृतात 'आगस्' म्हणजे गुन्हा, आगळीक. म्हणजे मुळात निरागस हाही निरपराधचाच भाऊ. मराठीत तो हळूहळू कोर्टकचेरीतून उठला आणि पाळण्यापाशी जाऊन बसला. आज वकिलाने 'माझे अशील निरागस आहेत' म्हटलं तर न्यायाधीशांनाही हसू आवरणार नाही. तरी कायद्यात एका ठिकाणी हे दोघे भाऊ भेटतात. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हाच होत नाही. सात ते बारा वयात मुलाला आपल्या करणीचा अर्थ कळण्याइतकी समज होती का, हे पाहिलं जातं. जुन्या दंडसंहितेतली ही कलमं ८२ आणि ८३; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती २० आणि २१ या क्रमांकांनी आली आहेत.

निष्पापबद्दल थोडं कडवट बोलतो. 'निष्पाप नागरिकांचा बळी' हे आता मथळ्यांचं छापील वाक्य झालंय. पाप-पुण्याचा हिशेब वार्ताहराकडे कधीपासून आला? मारल्या गेलेल्यांचा त्या भांडणाशी संबंध नव्हता, एवढंच म्हणायचं असेल तर निरपराध पुरेसा आहे. निष्पाप शोभतो तो मुक्या जनावराला नाहीतर अश्राप पोराला.

प्रश्न : आमच्या आजी नातवाकडे बघून म्हणतात, 'कसा साळसूदासारखा बसलाय!' हे कौतुक समजायचं की टोमणा?
– एक वाचक, दापोली

उत्तर : टोमणा! आणि डब्यातले लाडू मोजून घ्या. कोशात साळसूदला सरळ, सभ्य असे चांगले अर्थ मिळतील, पण बोलण्यात तो कधीच बदनाम झाला. 'संभावित'चंही तेच. गीतेत संभावित म्हणजे प्रतिष्ठित माणूस; आज एखाद्याला 'मोठा संभावित लागून गेलास' म्हणून पाहा. भोळेपणाचा आव आणणाऱ्यांसाठी मराठीने शब्दांची जरा जास्तच तरतूद करून ठेवली आहे. गोगलगाय आणि पोटात पाय आहे, सावपणाचा आव आहे, शिवाय वेड पांघरून पेडगावला जाणं आहे. हे पेडगाव खरंखुरं आहे, श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी. शिवरायांच्या फौजेने तिथल्या मोगल सुभेदाराला हुलकावणी देऊन छावणी लुटली, अशी या म्हणीमागची आख्यायिका सांगतात. सालस हा शब्द मात्र अजून शाबूत आहे. नातवाबद्दल आजी तो वापरतील तेव्हा खुशाल कौतुक समजा.