परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज : आधी काय, मग काय



या अंकातील पाठ अकरावी-बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी तलासरीजवळच्या एका पाड्यावरची मुलगी माझ्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात येत असे. बारावी विज्ञान शाखेत तिला चांगले गुण मिळाले. तिची आई घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. पिकलेला चिकू दोन-तीन दिवसांत मऊ पडतो आणि मातीमोल होतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. फळे टिकवण्याचे, त्यांच्यावर प्रक्रिया करण्याचे शिक्षण घ्यायचे, असे तिच्या मनाने घेतले. "सर, हे परदेशात शिकता येईल का?" असे तिने विचारले. मी मोठ्या उत्साहाने "हो" म्हणालो. केंद्र सरकारची आदिवासी विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे एवढे मला माहीत होते. आम्ही दोन महिने कागद गोळा केले. तिच्या वडिलांनी चार वेळा मजुरी बुडवली. शेवटी नियम नीट वाचले तेव्हा कळले, की ती शिष्यवृत्ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे, बारावीनंतरच्या नाही. तोवर इतर अर्जांच्या मुदती संपल्या होत्या. तिचे वर्ष माझ्यामुळे गेले. तुमचे जाऊ नये म्हणून हा पाठ.

पहिली गोष्ट : कोणती योजना कोणासाठी

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण, पीएच.डी. आणि त्यापुढील संशोधन यांसाठी आहे. देशभरातून वर्षाला २० जागा. त्यांतल्या ३ अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव आहेत. आपल्या जिल्ह्यातले कातकरी बांधव त्यात येतात, हे त्यांच्यातल्या शिकलेल्या मुलांना आवर्जून सांगा.

महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाचीही स्वतःची परदेशी शिष्यवृत्ती आहे. डहाणू व तलासरी तालुक्यांच्या मुलांनी त्यासाठी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. अभ्यासक्रम, उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचा जागतिक क्रमांक या अटी बदलत असतात. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. त्या वर्षीची जाहिरात हातात घेऊन, पदवीचा अभ्यासक्रम तीत बसतो का, हे आधी विचारा.

बारावीनंतर लगेच जायचे असेल तर दुसरा रस्ता आहे तो परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्यांचा. जपान सरकारची शिष्यवृत्ती पदवीसाठी मिळते. गणित, इंग्रजी, जपानी, विज्ञान अशा विषयांची लेखी परीक्षा होते, आणि पहिले वर्ष जपानी भाषा शिकण्यात जाते. हंगेरी सरकारच्या शिष्यवृत्तीतही पदवीचे अभ्यासक्रम आहेत. तिथे दोन ठिकाणी अर्ज करावा लागतो : एक हंगेरीच्या संकेतस्थळावर आणि दुसरा भारत सरकारकडे. एकच केला तर तो वाया जातो. मुदत बहुधा जानेवारीच्या मध्याला संपते, म्हणजे बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी. शिकवणी फी माफ असते आणि दरमहा थोडा भत्ता मिळतो, पण विमानाचे भाडे आपले आपण भरायचे असते. "सगळे फुकट" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. हिशेब कागदावर मांडा.

दुसरी गोष्ट : कागद

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. पण सरकारी शिष्यवृत्तीला जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि वेळ जातो तो तिथे. समिती वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे मागते. १९५० च्या आधीचा पुरावा मिळाला तर त्याला फार वजन असते.

इथेच आपले घोडे अडते. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? घाबरू नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही असते. तिला गाव नमुना १४ म्हणतात. तीत आजोबांच्या, पणजोबांच्या घरातली नोंद शोधा. जमिनीचे जुने उतारे पाहा. सख्खे चुलते किंवा चुलतभाऊ यांच्याकडे वैधता असेल तर त्यांची प्रत घ्या आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा. एक लक्षात ठेवा : १९६० मध्ये उंबरगाव तालुक्याची दोन राज्यांत वाटणी झाली. त्यामुळे सीमेवरच्या काही कुटुंबांचे जुने कागद गुजरातच्या दप्तरात सापडू शकतात. आणि आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा ठाणे असणारच, ती चूक नव्हे.

नाव मात्र सगळीकडे सारखे हवे. त्या मुलीच्या वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधार कार्डावर दुसरे आणि शिधापत्रिकेवर तिसरेच होते. प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. पासपोर्ट काढण्याआधी हे दुरुस्त करा, नंतर फार जड जाते.

तिसरी गोष्ट : आपले म्हणणे

अर्जासोबत "मला हे का शिकायचे आहे" हे लिहून द्यावे लागते. मुले कोणाची तरी नक्कल करतात आणि "मला देशाची सेवा करायची आहे" एवढे लिहून मोकळी होतात. आधी आपल्या बोलीत लिहा, मग मराठीत आणि शेवटी इंग्रजीत. आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे, असे म्हणू नका. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी आपल्या पाड्यावरचे जगणे, शेत आणि तारप्याचा नाच रंगवला. तीच चित्रे परदेशांत पोहोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ती मुलगी आता जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर ती पुन्हा अर्ज करणार आहे, आणि या वेळी योजना तिच्यासाठीच आहे. वैधता प्रमाणपत्र पावसाळ्यात हाती आले. मागच्या महिन्यात तिने अर्धे पान लिहून आणले. त्याची सुरुवात आईच्या टोपलीतल्या मऊ पडलेल्या चिकूंपासून होती. मी एक शब्दही बदलला नाही. जागा थोड्या आहेत, निवड होईलच असे नाही. पण या वेळी अर्ज अपुरा राहणार नाही.

घरचा अभ्यास

१. आज रात्री आजी-आजोबांना विचारून वडिलांकडच्या चार पिढ्यांची नावे लिहा.
२. गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहा.
३. मला काय शिकायचे आहे आणि का, यावर अर्धे पान आपल्या शब्दांत लिहा.

हे तिन्ही करून रविवारी वर्गाला या. पालकांनाही सोबत आणा. पुढचे आपण मिळून करू.